गॉडफ्रीच्या बिजागरीला तेल

"बटणं आहेत की मुंग्यांची अंडी," अँब्रोज पुटपुटला. "शर्ट माणसांसाठी शिवतात की खारींसाठी, हे एकदा कुणीतरी विचारायला पाहिजे."

हेस्टर खोलीच्या दाराबाहेर एका हातात त्याचा कोट आणि दुसऱ्या हातात स्वतःची टोपी घेऊन उभी होती. आत जाऊन ती बटणं लावायला तिला अर्धं मिनिट पुरलं असतं. पण ते अर्धं मिनिट त्या घरात मार्च महिन्यापासून वर्ज्य होतं. आपण काही ऐकत नाही आहोत हे आत कळावं म्हणून ती मोठ्यानं गुणगुणायला लागली.

"आज राहू दे," आतून आवाज आला. "उशीर झाला. आता गेलो तर गॉडफ्री बोंबलेल."

गॉडफ्री म्हणजे दार. थिसलथॉर्पच्या संत बोटॉल्फ चर्चचं दक्षिणेकडचं दार ओकच्या लाकडाचं आहे, सातशे वर्षांचं आहे, आणि उघडताना असं काही ओरडतं की नवख्या माणसाला वाटावं, आपला पाय कुणाच्या तरी पायावर पडला. आवाज खालच्या पट्टीत सुरू होतो, मध्ये जरा दम खातो आणि मग वर चढतो. गावात सांगतात की गॉडफ्री नावाचा एक आळशी साधू पहाटेच्या प्रार्थनेला रोज उशिरा यायचा. त्याला मठाधिपतींनी शाप दिला, आणि तेव्हापासून जो कुणी उशिरा येईल त्याच्या नावानं तो बोंब मारतो. थिसलथॉर्पला मठ कधीच नव्हता, पण ही गोष्ट कुणी कथेच्या आड येऊ दिलेली नाही.

याचा परिणाम असा की थिसलथॉर्पमध्ये उशिरा कुणी येत नाही. त्यातून आमची मंडळी चर्चमध्ये बसतात ती मागून. शेवटचा बाक आधी भरतो, मग त्याच्या पुढचा, आणि तिथेच गाव संपतं. पुढचे सगळे बाक मोकळे. पुढे बसलं की मागचे आपली मान बघतात, आणि देवालाही वाटतं, याला काहीतरी मागायचंय. म्हणजे जो उशिरा येईल त्याच्या वाट्याला आधी गॉडफ्रीची बोंब, मग मागे वळलेल्या सगळ्या माना, आणि मग मधल्या लांबलचक वाटेनं थेट पुढच्या बाकापर्यंतची वरात.

त्याच वाटेनं अँब्रोज पिलबीम वीस वर्षं क्रूस घेऊन मिरवणुकीच्या पुढे चालत आला होता. पोस्टाची गाडी चालवणारा साधा माणूस, पण क्रूस हातात घेतला की त्याची चाल अशी व्हायची की बाहेरगावचे पाहुणे विचारायचे, हे गृहस्थ सैन्यात होते का? हेस्टर म्हणायची, नाही हो, पोस्टात. म्हणताना तिची स्वतःची पाठही जरा ताठ व्हायची.

मग मार्चमध्ये 'ती भानगड' झाली. डॉक्टरांनी भानगडीला एक नाव दिलं होतं, पण ते नाव हॉस्पिटलातच राहिलं, छत्री विसरावी तसं. घरी आल्यावर हेस्टर म्हणू लागली, 'मार्चमधलं ते.' गाव तेवढंही म्हणेना. अँब्रोज वॉकर घेऊन रस्त्यावर दिसला की लोक थांबत आणि हवेबद्दल बोलत, तेही जरा मोठ्यानं, जणू भानगड कानाला झाली होती. पलीकडच्या घरातली पर्ल गॉटबेड जन्मभर सगळ्यांना 'बदका' म्हणत आली. या भागात प्रेमानं तसंच म्हणतात. दूधवाला बदक, डॉक्टर बदक, बिशप आले होते तेव्हा तेही बदक. अँब्रोज डावा पाय ओढत, डुलत चालायला लागल्यापासून ती त्याला 'मिस्टर पिलबीम' म्हणायला लागली.

घरातून निघायला पाऊण तास लागेल की दीड, हे आता त्या शर्टाच्या हातात होतं. लवकर निघावं, तर लवकर पोचणाऱ्यांना हवेबद्दल बोलावं लागतं. उशिरा जावं, तर गॉडफ्री. चर्चच्या मागच्या दाराला उंच पायऱ्या. तेव्हा दर रविवारी अँब्रोज स्वयंपाकघराच्या खिडकीशी चहा घेऊन बसायचा आणि म्हणायचा, "माझं काही अडत नाही. देवाला घर माहीत आहे."

त्या रविवारी हेस्टर एकटी गेली, शेवटून दुसऱ्या बाकावर बसली, आणि प्रवचन चालू असताना तिनं ठरवलं की या दाराचं तोंड बंद करायचं. दार गप्प झालं की माना वळणार नाहीत. माना वळल्या नाहीत की अँब्रोज येईल. हिशेब इतका सरळ होता की आपल्याआधी तो सातशे वर्षांत कुणाला सुचला कसा नाही, याचंच तिला नवल वाटलं.

सोमवारी दुपारी शिलाई मशीनच्या तेलाची बुधली पर्समध्ये घालून ती गेली. हेस्टर चर्चची कारभारीण होती. निवडणुकीच्या वेळी ती चहाचं पाणी ठेवायला आत गेली होती, आणि बाहेर आली तेव्हा निवडून आलेली होती. वरच्या बिजागरीला तिनं भरपूर तेल पाजलं. खालच्या बिजागरीशी वाकली असताना मागून कुणीतरी खाकरलं.

ऑबरी स्नेलग्रोव्ह. निवृत्त भूमापक आणि गावच्या इतिहास मंडळाचा अध्यक्ष. शेवटच्या बाकाचं दाराकडचं टोक त्याचं. त्याच जागेवरून त्याचे आजोबा उठले आणि बाहेरच्या आवारात जाऊन कायमचे निजले, मग त्याचे वडील, आणि ऑबरीचाही विचार तोच होता.

"हेस्टर," तो अत्यंत सभ्यपणे म्हणाला, "तू तेल घालते आहेस, असं मी म्हणत नाही."

"नाहीच घालत," हेस्टर वाकूनच म्हणाली.

"पण एखादा घालत असता, तर त्याला मी सांगितलं असतं की बिशपच्या कचेरीच्या परवानगीशिवाय या चर्चमधला खिळासुद्धा हलवता येत नाही."

"कुणी दिसला तर मी सांगेन त्याला."

दोघांनी एकमेकांना शुभ दुपार म्हटलं. ऑबरी गेल्यावर हेस्टरनं दार ढकलून पाहिलं. वरची बिजागरी मऊ झाली होती, खालची होती तशीच होती. त्यामुळे गॉडफ्री आता दोन आवाजांत ओरडत होता.

दुसरी एखादी असती तर गप्प बसली असती. हेस्टरनं परवानगीसाठी अर्ज केला. पण इथेच ती चुकली, आणि ही चूक आमच्याच लोकांना जमावी. अर्जात कारण लिहायचं होतं. खरं कारण होतं, 'माझ्या नवऱ्याला लाज वाटते.' हे लिहिण्यापेक्षा ती अंगणात उघडी नाचली असती. ताकाला जाऊन भांडं लपवणारी माणसं असतात. हेस्टर तर ताकाला जाऊन आपण चिंचा न्यायला आलोय असं सांगणाऱ्यांपैकी. तिनं लिहिलं, 'बिजागरी झिजते आहे.'

बिजागरी झिजते आहे म्हटल्यावर कचेरीनं लोखंडाची तज्ज्ञ पाठवली. ती मुलगी गुडघ्यांवर बसून दिवसभर छोट्या ब्रशानं बिजागरी झाडत होती. संध्याकाळी तिनं निकाल दिला. लोखंड ठणठणीत आहे, आणखी चारशे वर्षं बघायला नको. फक्त एका गोष्टीचं तिला फार वाईट वाटलं. कुणीतरी रानटी माणसानं अलीकडेच वरच्या बिजागरीला शिलाई मशीनचं तेल ओतलं होतं.

"काय काय लोक असतात," हेस्टर म्हणाली आणि तिला आणखी एक केकचा तुकडा दिला.

ऑबरी छताकडे बघत होता.

मग सल्ले सुरू झाले. पर्ल म्हणाली, "मेणबत्ती घास, बदका. माझी आजी सगळ्याला मेणबत्ती घासायची. आजोबांच्या गुडघ्यालासुद्धा." खाटीक म्हणाला, डुकराची चरबी, पूर्वीचे लोक चरबीच लावायचे, म्हणजे परंपरेलाही धरून होईल. रेव्हरंड फिलिपा ट्रॉट यांच्याकडे अशी सहा चर्चं होती आणि एक छोटी मोटार, त्यामुळे त्या नेहमी एका चर्चमधून निघालेल्या आणि दुसऱ्यात न पोचलेल्या अशा असायच्या. मोटारीच्या खिडकीतून त्या म्हणाल्या, "दार उघडंच ठेवलं तर?"

हेस्टरला ते पटलं. पुढच्या रविवारी तिनं दाराला वीट लावून ते सताड उघडं ठेवलं. पहिल्या गीताच्या वेळी वारा आत आला. दुसऱ्या गीताच्या वेळी शेजारच्या शेतातली मेंढी आली, आणि मधल्या वाटेनं शांतपणे चालत जाऊन पुढच्या बाकाशी उभी राहिली. गेल्या कित्येक वर्षांत तिथपर्यंत स्वखुशीनं गेलेली ती पहिलीच. पर्लचं मत पडलं की मेंढीला निदान पुढे बसायचं कळतं.

हेस्टरनं दुसरा अर्ज केला. या वेळी लिहिलं, 'आवाजामुळे उपासनेत व्यत्यय येतो.'

म्हणून आवाजाचा तज्ज्ञ आला. हा उंच, सडपातळ तरुण होता आणि त्याच्याकडे मांजराएवढा केसाळ मायक्रोफोन होता. त्याला व्यत्यय मोजायचा होता, आणि व्यत्यय मोजायला उशिरा येणारी माणसं हवी होती. ती गावात नव्हतीच. तेव्हा त्यानं मंडळींना एकेक करून उशिरा यायला सांगितलं. तुम्हाला सांगते, इतकी दुःखी माणसं मी दफनालाही पाहिलेली नाहीत. जन्मात कधी उशीर न केलेले लोक आवारात रांग लावून उभे, आणि आपली पाळी आली की आत शिरून रिकाम्या चर्चची माफी मागत पुढे चाललेले. ऑबरीला तर पाय उचलेना. दारापर्यंत जाऊन तो परत आला आणि म्हणाला, "मला वाटतं मी वेळेवर आलोय."

दुपारी तो तरुण हेस्टरच्या स्वयंपाकघरात चहाला बसला. हेस्टर वर आणखी बिस्किटं शोधत होती. अँब्रोज खिडकीपाशी.

"तुमच्या मिसेसनी लिहिलंय, कुणी उशिरा आलं की व्यत्यय येतो," तरुण म्हणाला.

"कोण येतं उशिरा?"

"तेच तर. कुणीच नाही. सगळ्या गावाला विचारलं. मग हे सगळं कुणासाठी चाललंय, हेच कळत नाही."

 अँब्रोजनं कप उजव्या हातातून खाली ठेवला आणि खिडकीतून दिसणाऱ्या चर्चच्या दाराकडे बघत बसला. गावात उशिरा येऊ शकेल असा एकच माणूस होता, आणि तो येत नव्हता. हेस्टर बिस्किटं घेऊन खाली आली तेव्हा तो म्हणाला, "बिजागरी फारच झिजली आहे का गं?"

"भयंकर," हेस्टर म्हणाली.

"हं," अँब्रोज म्हणाला.

तज्ज्ञानं गॉडफ्रीचा आवाज टिपून नेला तो नेला, वर रेडिओवर ऐकवला. 'इंग्लंडचं सगळ्यात उदास दार' म्हणाले ते. पुढच्या आठवड्यापासून परगावचे लोक यायला लागले. दार उघडायचे, ऐकायचे, मिटायचे, परत उघडायचे. ज्या दाराचं तोंड रविवारी तासभर बंद करायला हेस्टर निघाली होती, ते आता आठवडाभर सकाळ-संध्याकाळ गळा काढत होतं. ऑबरीनं 'गॉडफ्री मित्रमंडळ' काढलं. मंडळाच्या नियमांप्रमाणे चर्चची कारभारीण ही पदसिद्ध सदस्य आणि चहाची प्रमुख. म्हणजे स्वतःच्याच विरोधातल्या सभांना हेस्टर स्वतः चहा ओतायची, आणि दूध-साखर विचारायची. मंडळानं भांडी पुसायचे टॉवेल छापले, वर जांभई देणाऱ्या साधूचं चित्र. पर्लनं चार घेतले आणि एक हेस्टरला वाढदिवसाला दिला. अँब्रोज त्या टॉवेलानं एका हातानं बशा पुसायचा, फार मन लावून.

"सोड आता," पर्ल एकदा कुंपणावरून म्हणाली. "सगळं गाव गॉडफ्रीच्या बाजूला आहे, बदका."

"मी सोडणाऱ्यातली नाही."

"ते दिसतंच आहे. पण तुला एवढं काय त्या दाराचं?"

हेस्टरनं तोंड उघडलं. पर्ल तिची तीस वर्षांची शेजारीण. मार्चमध्ये रुग्णवाहिकेत हेस्टरच्या पायातले बूट उलटसुलट होते, ते पर्लनंच बदलून दिले होते. त्याबद्दलही दोघी नंतर कधी बोलल्या नव्हत्या.

"दमट हवेनं लाकूड फुगतं," हेस्टर म्हणाली.

"हो, फुगतं खरं," पर्ल म्हणाली, आणि दोघींनी ढगांकडे पाहिलं.

खरं म्हणजे एकदा बशा धुताना हेस्टरला एक वेगळाच उपाय सुचला होता. दाराला लागून असलेली शेवटच्या बाकाची कड मोकळी असती तर? माणूस आत येतो, एक पाऊल टाकतो, बसतो. माना वळेपर्यंत सगळं संपलेलं. पण त्यासाठी ऑबरीला सांगावं लागलं असतं की बाबा, तू आत हो. तीन पिढ्यांच्या जागेवरून माणसाला उठ म्हणायचं? एखाद्याचा खून करावा असा विचार मनात यावा आणि आपलीच आपल्याला भीती वाटावी, तसं तिला झालं. तिनं तो विचार साबणाच्या पाण्याबरोबर सोडून दिला आणि तिसरा अर्ज लिहायला घेतला. सातशे वर्षांच्या दाराला बदलणं तिला सोपं वाटलं.

तिसऱ्या अर्जानंतर बिशपच्या कचेरीतून आर्चडीकन आले. बिशपचा उजवा हात म्हणतात तो हा. थकलेला, दयाळू गृहस्थ, पण मोजे दोन रंगांचे. शनिवारी सकाळी चर्चमध्येच सुनावणी ठेवली. सगळं गाव आलं आणि मागच्या बाकांवर बसलं. आर्चडीकन वेदीपाशी टेबल टाकून बसले होते, त्यामुळे सगळी सुनावणी ओरडून झाली.

ऑबरीनं पाऊण तास भाषण केलं. हे दार म्हणजे आपल्या पूर्वजांचा आवाज आहे, तो बंद करणं म्हणजे आजोबांच्या तोंडावर उशी दाबणं आहे, असं म्हणाला. मंडळी हळूच 'बरोबर, बरोबर' म्हणाली. खाटकानं चरबीचा मुद्दा पुन्हा मांडला. रेव्हरंड फिलिपांनी दोन्ही बाजूंमध्ये तथ्य आहे असं सांगितलं आणि घड्याळ पाहिलं.

"मिसेस पिलबीम," आर्चडीकन ओरडले, "तुमचे तिन्ही अर्ज मी वाचले. एकात झीज आहे, एकात व्यत्यय आहे, एकात दमट हवा आहे. मला मनापासून मदत करायची आहे. पण तुम्हाला नेमकं काय हवंय?"

हेस्टर उभी राहिली. टोपी सारखी केली. इतके महिने ती लोखंडाशी, लाकडाशी, कचेरीशी आणि एका मेंढीशी लढली होती, एकदाही मागे हटली नव्हती. आता फक्त एक वाक्य बोलायचं होतं.

"उन्हाळ्यात," ती म्हणाली, "लोखंड प्रसरण पावतं."

"आत्ता नोव्हेंबर आहे," आर्चडीकन जमेल तितक्या हळू ओरडले.

"थंडीत आकुंचन," हेस्टर म्हणाली, आणि तिचा आवाज फाटला.

त्याच वेळी गॉडफ्री ओरडला. आधी खालच्या पट्टीत, मग दम खाऊन वरच्या पट्टीत, दोन्ही आवाजांत, आजवर कधी ओरडला नव्हता इतका लांब. कारण दार ढकलणाऱ्याकडे एकच हात होता आणि त्याला घाई नव्हती. सगळ्या माना वळल्या.

दारात अँब्रोज उभा होता. वॉकरला धरून, कोट घालून. शर्टाचं मधलं एक बटण चुकीच्या काजात गेलं होतं.

सगळ्या माना तत्काळ वर गेल्या. संत बोटॉल्फच्या छताला लाकडी देवदूत कोरलेले आहेत आणि ते खरोखरच फार सुंदर आहेत. अख्ख्या गावानं ते त्या क्षणी पहिल्यांदाच पाहिले. पर्ल म्हणाली, "आज हवा जरा—"

"हवा राहू दे, पर्ल," अँब्रोज म्हणाला. "आणि छतही राहू दे, ते कुठे जात नाही. इकडे बघा माझ्याकडे."

माना हळूहळू खाली आल्या.

"मार्चमध्ये मला अर्धांगाचा झटका आला," तो म्हणाला. तो शब्द त्या चर्चमध्ये पहिल्यांदाच उच्चारला गेला आणि छत जागेवरच राहिलं. "डावा पाय ओढतो. डावा हात ऐकत नाही. शर्ट घालायला मला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात पर्ल केक भाजून थंड करते. हेस्टरला तुमच्या बिजागरीचं काही पडलेलं नाही. ती गंजेना का, नाहीतर सोन्याची होईना. तिला मी इथे यायला हवाय. ती कुणाला सांगणार नाही, मलासुद्धा नाही, म्हणून मी सांगतो. आणि मलाही यायचंय. पण या वाटेनं मी कसा चालायचो ते तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय. आता तसाच तिथपर्यंत डुलत जाणं मला जमणार नाही."

आर्चडीकननी पेन खाली ठेवलं. हेस्टर अजून उभीच होती. तिनं रुमाल शोधायला पर्स उघडली, तर हाताला तेलाची बुधली लागली.

"आणि पर्ल," अँब्रोज म्हणाला, "मला बदक म्हणायचं तू सोडलंस. चालतो मी तसाच. म्हणत जा."

पर्लनं होकारार्थी मान हलवली. 

मग अँब्रोज वळला. त्याला फार वळावं लागलं नाही. शेवटच्या बाकाची कड त्याच्या वॉकरपासून हातभर अंतरावर होती, आणि त्या कडेवर, आजोबांच्या आणि वडिलांच्या जागेवर, मांडीवर भाषणाचे कागद घेऊन तो बसला होता.

"ऑबरी," अँब्रोज म्हणाला, "थोडा सरक."